माणच्या मुलांना पांढरं अस्वल कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हवामान बदलावरच्या शालेय चित्रकला स्पर्धांना मला अधूनमधून परीक्षक म्हणून बोलावतात. निम्म्याहून अधिक चित्रांत वितळत्या बर्फावरचं पांढरं अस्वल, नाहीतर तोंडात थर्मामीटर धरलेली पृथ्वी. आणि मुलं कुठली, तर माण तालुक्यातली! ज्यांच्या वस्तीवर उन्हाळ्यात टँकरपुढे घागरींची रांग लागते, त्यांनी अस्वलाची काळजी वाहायची. (चित्रं सुरेख असतात, त्याबद्दल तक्रार नाही.)

सातारा जिल्ह्यात राहून उदाहरणासाठी उत्तर ध्रुव गाठायची गरज नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सह्याद्रीच्या पश्चिम अंगावर ढग रिते होतात आणि आमच्या वाट्याला जेमतेम पाचशे येतो. हे हवामान, ते ठरतं साधारण तीस वर्षांच्या नोंदींवरून. आज दुपारी वळीव आला आणि वाळत घातलेल्या कुरडया भिजल्या, ती झाली आजची हवा. एवढं चौथीच्या मुलालाही कळतं.

२०२५ साली मे महिन्यातच आमच्याकडचे ओढे वाहिले. मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजी पोचला. एरवीची तारीख ११ जून. शेजारचा पाचवीतला मुलगा विचारायला आला, "बाई, हाच का तो हवामान बदल?" मी म्हटलं, बाळा, एसटी एक दिवस लवकर आली म्हणून वेळापत्रक बदललं असं आपण म्हणत नाही. रोजच वेळ चुकवू लागली, तर मात्र घरातून निघायची वेळ बदलावी लागते. एका वर्षावरून निकाल द्यायचा नाही, पण नोंद ठेवायची. त्याने सरळ उभी प्लास्टिकची बरणी गच्चीवर ठेवलीय. रोज सकाळी पट्टीने पाणी मोजतो.

लांबच्या नोंदी काय सांगतात, हेही मुलांपासून लपवू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी इतरांसोबत केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भूभागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, असं त्यात दिसलं. पावसाळ्याचा एकूण पाऊस मात्र तिथे घटला होता. म्हणजे पडतो तेव्हा धो धो, नाहीतर उघडीप. कोरडवाहू बाजरीवाल्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

कारण सांगताना मात्र शिक्षकांनीच घोळ घालू नये. "ओझोनला भोक पडलं म्हणून ऊन वाढलं" हे मी अजूनही वर्गांतून ऐकते. ते प्रकरण वेगळं. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळल्याने हवेत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि तापलेल्या जमिनीतून वर जाणारी उष्णता अडवतो. हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर १९५८ साली मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आता ४२० च्या वर गेलाय.

तुमच्याकडे मागणं एकच. अंकात रोज शहरांचं कमाल-किमान तापमान छापता, पण ते नेहमीपेक्षा जास्त की कमी, हे त्यातून मुलांना कळत नाही. हवामान खात्याकडे सरासरीचे आकडे असतात. शेजारी एक रकाना वाढवून तेही छापा, आणि पावसाळ्यात तालुक्याचा पाऊसही तसाच द्या. जागा लागलीच तर राशिभविष्य दोन ओळींनी कमी करा.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
दहिवडी, ता. माण, जि. सातारा