हवेविना टायर समृद्धीवर नको, गोदामात ठीक

महोदय,

समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात झाला, की ‘आता हवाविरहित टायर सक्तीचे करा’ अशी सूचना हमखास येते. जाळीदार चाकांचे व्हिडिओ पाहिले की उपाय अगदी हाताशी आल्यासारखा वाटतो. तसा तो नाही.

या टायरमध्ये हवेचे काम लवचीक आरे करतात. मिशेलिन या फ्रेंच टायर कंपनीने २००५ मध्ये दाखवलेल्या ‘ट्वील’मध्ये ते पॉलियुरेथेनचे होते. गाडीचा भार वरच्या आऱ्यांवर टांगलेला असतो आणि रस्त्याकडचे आरे दुमडून पुन्हा सरळ होतात. ६० सेंटिमीटर व्यासाचे चाक ताशी १२० किलोमीटर वेगात सेकंदाला साधारण साडेसतरा फेरे घेते, म्हणजे प्रत्येक आरा सेकंदाला तितक्यांदा दुमडतो. नागपूर ते आमणे हे ७०१ किलोमीटर एका दमात कापले, तर जवळपास पावणेचार लाख वेळा. दर वेळी थोडी उष्णता तयार होते, आणि वेग वाढला की कंप आणि आवाजही वाढतो. मिशेलिनचाच मोटारीसाठीचा ‘अप्टिस’ २०१९ मध्ये जनरल मोटर्ससोबत जाहीर झाला तेव्हा तो बाजारात आणण्यासाठी २०२४ चे लक्ष्य होते. ते साल उलटून गेले, पण दुकानात जाऊन मोटारीला बसवून घ्यावा असा हा टायर अजून मिळत नाही.

आपल्याकडची आणखी एक अडचण म्हणजे काळी माती. पावसाळ्यात ती उघड्या आऱ्यांत बसते, वाळली की दगडासारखी घट्ट होते आणि चाकाचा तोल जातो. ट्रॅक्टरला तर शेतात हवा कमी करून पकड वाढवता येते. इथे ती सोयच नाही. ‘ट्वील’ आज चालतो तो गवत कापण्याच्या यंत्रांना आणि छोट्या लोडरला. भंगाराच्या आवारात खिळे-पत्रे तुडवणाऱ्या लोडरला तो घ्यायलाच हवा, वेळ वाचतो. गोदामातल्या फोर्कलिफ्टला भरीव रबराचे टायर आपल्याकडे कित्येक वर्षे आहेतच, कारण तिथे वेग कमी आणि फेऱ्या छोट्या.

मुळात टायर फुटतो तो बहुतेक वेळा हवा कमी असल्याने, जास्त असल्याने नव्हे. हवा कमी असली की बाजूची भिंत जास्त वाकते, आतून तापते, रबर आणि तारांचे थर एकमेकांपासून सुटतात. तरीही ‘उन्हात लांब जायचंय, दोन-तीन पॉइंट कमीच ठेवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो नेमका उलटा आहे! तापमान १० अंशांनी वाढले तर ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक, बोलीत ‘पॉइंट’) दाबाच्या टायरमध्ये दाब साधारण दीड पीएसआय चढतो, आणि कंपनीने ठरवलेल्या आकड्यात ही वाढ धरलेलीच असते. चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर भार आणि प्रवाशांनुसार आकडा दिलेला असतो. तो थंड टायरचा, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असतानाचा. नायट्रोजन भरला म्हणून दाब तपासण्यातून सुटका नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

टायरच्या भिंतीवर ‘DOT’ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पाहावेत. ‘२३१९’ म्हणजे टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली, की खाचांमधल्या उंचवट्याच्या पट्ट्या रबराच्या पातळीला येतात. मग टायर बदलायलाच हवा. भिंतीवर फुगा दिसला तर नक्षी कितीही नवी असो, तो टायर लगेच काढावा. आणि स्टेपनीची हवा? ती सहसा कोणी पाहतच नाही.

म्हणून प्रशासनाला सूचना अशी, की सक्तीच्या गोष्टी बाजूला ठेवून प्रत्येक प्रवेश नाक्यावर तपासून घेतलेला दाबमापक आणि नक्षीची खोली मोजण्याची पट्टी ठेवावी. हवा भरण्याचे यंत्र नाक्याच्या अलीकडे, रांगेच्या आधी असावे. नाक्यात शिरल्यावर गाडी बाजूला घ्यायला जागाही नसते आणि कोणाची तयारीही नसते.

– टायर व्यवसायातील एक वाचक, छत्रपती संभाजीनगर