आठवा की नववा

प्रिय सम्या,

अरे त्या निळ्या टाचणीचं, म्हणजे चतुराच्या त्या सडपातळ भावंडाचं, कोडं सुटलं एकदाचं! तू आलेलास तेव्हा गंगापूर डॅमच्या खाली कॅनॉलच्या गळतीचं डबकं होतं ना, मी तिथे गुडघ्यावर चिखलात आणि तू वर गाडीपाशी मिसळीच्या नावानं बोंबलत, तेव्हाचे फोटो परवा रात्री लॅपटॉपवर झूम करून बसलो.

मी आधी छातीठोकपणे ही सेनेगल गोल्डन डार्टलेट जातीची टाचणी म्हणालो होतो, कारण ती सगळीकडे दिसते, काळ्या पोटाच्या टोकाला निळा ठिपका दिसला की झालं. पण टाचणीच्या पोटाचे 10 भाग असतात आणि ते मुकाट्यानं मोजायचे असतात. सेनेगलच्या नराचा आठवा निळा, नववा वरून काळा. माझ्या फोटोत आठवा-नववा दोन्ही निळे! म्हणजे ही दुसरीच जात, अझ्यूर डार्टलेट, शास्त्रीय नाव ॲम्फिअलाग्मा पार्वम. पार्वम म्हणजे लॅटिनमध्ये लहान, आणि आहेच ती तेवढीशी, जेमतेम दोन सेंमी, पंख मिटून बसली की गवताची काडीच. नुसत्या छातीच्या रंगावर जाऊ नको, मी तिथेच फसलो. आणि फोटो वरून काढ, बाजूनं काढलेले माझे अकरा फोटो वाया गेले. माद्यांच्या वाटेला तर मी जातच नाही अजून.

डॅमच्या उघड्या काठावर ती मला एकदाही दिसली नाही रे. तिला संथ पाणी आणि काठाला गवत, लव्हाळा लागतो, अंडी झाडाच्या देठात घालते ना. पिल्लं पाण्यातच वाढतात, शेपटाला पानासारखे तीन कल्ले, आणि डासांच्या अळ्या मटकावतात. द्राक्षबागांतली शेततळी मी तीनदा पालथी घातली, पण प्लास्टिकच्या कागदावर ना चिखल ना गवत, ती बिचारी येणार कशाला? आता नांदूरमधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जायचंय. 2020 ला ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आल्याचं जाहीर झालं तेव्हापासून तर जो तो दुर्बिणी वर करून पक्षीच बघतोय, पायाशी लव्हाळ्यात कोण वाकतंय!

आपल्या डबक्याच्या एका कडेला कुणीतरी बांधकामाचा राडारोडा आणून टाकलाय, डोकंच फिरलं. अर्धं उरलंय अजून. या रविवारी ये, सकाळी ऊन जरा चढल्यावर जाऊ, त्याआधी त्या हलत पण नाहीत. मिसळ आधी खाऊ, म्हणजे तू गप्प बसशील.

तुझाच,
पक्या