आमची हरकत कुणाच्याच अखत्यारीत येत नाही, साहेब

प्रति,
माननीय नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

कोल्हापूर शहराच्या हद्दीला अगदी खेटून असलेल्या एका गावात मी राहते आणि कॉलेजच्या पोरांसाठी खानावळ चालवते. गाव म्हणायचं ते ग्रामपंचायतीचा बोर्ड आहे म्हणून. बाकी चारी बाजूंना अपार्टमेंट, रो-हाऊस, जिम आणि मंगल कार्यालयं. गावाचं नाव लिहीत नाही, कार्यालयाचंही लिहीत नाही. लिहिलं तर टेबलावरच्या कारकुनाची बदली होईल आणि सही करणारा साहेब आहे तिथंच राहील, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

निमित्त असं की गेल्या आठवड्यात पोस्टमननं एक पाकीट आणून दिलं. आमच्या भागाच्या विकासासंबंधी नागरिकांकडून हरकती व सूचना मागवल्या होत्या. पेपरात आतल्या पानावर, मुंगीच्या अक्षरात जाहिरात होती. माझ्या मेव्हण्याला ती दिसली म्हणून कळलं. मी लेखी सूचना दिली, शिक्का मारून पोच घेतली. मागणी एका ओळीची होती : पाण्याची नवी टाकी आणि सांडपाण्याची लाईन होईपर्यंत या रस्त्यावर नवे मजले चढवायला परवानगी देऊ नका. यात काही क्रांतिकारक आहे का? मला तरी वाटलं नाही.

सुनावणीला बोलावलं म्हणून गेले. खोलीत साहेब, बाहेर जिन्यात आम्ही सगळे, कडेवर पोरं घेतलेल्या बायका आणि काठी टेकणारे आजोबा. भिंतीवर नकाशा लावलेला, त्यावर गट नंबर इतके बारीक की चष्मा काढून वाचलं तरी दिसेनात. माझा नंबर आल्यावर साहेब फोनवरून मान वर न करता म्हणाले, "मावशी, लेखी दिलंय ना? मग झालं की." मी म्हटलं, "साहेब, लेखी दिलंय, पण तुम्ही वाचलंय का?" बाजूचा शिपाई हसला. साहेब हसले नाहीत.

आणि आता हे पाकीट. आत अर्ध्या पानाचा कागद : "सदर हरकत या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नसल्याने निकाली काढण्यात येत आहे."

अखत्यारीत येत नव्हती तर बोलावलं कशाला? ज्या बिल्डिंगमुळं मी हे सगळं लिहून दिलं, तिचा सातवा स्लॅब नेमका सुनावणीच्या दिवशी पडला. काँक्रीटचा मिक्सर गल्लीच्या तोंडावर आडवा, म्हणून मला रिक्षासाठी चौकापर्यंत चालत जावं लागलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. इथं तर वरात जेवून पानसुपारी घेऊन गेली, मग आम्हाला मांडवात बोलावलं.

त्या बिल्डिंगच्या बोर्डावर लिहिलंय : "२४ तास मुबलक पाणी". हे पाणी कुठून येणार हे मला त्या बिल्डरला नाही, तुम्हाला विचारायचं आहे. आमच्या गल्लीत पाण्याची पाईप टाकली तेव्हा इथं बैठी घरं होती, परड्यात म्हशी होत्या. पाईप तीच आहे. आता रात्री अडीच-तीनला पाणी येतं, ते पण एक दिवस आड, आणि खालच्या अंगाला मोटारी लागल्या की आमच्या नळातून नुसती फुसफुस. मी पिंपं, कळश्या, पातेली सगळी मांडून बसते. पहिली दहा मिनिटं लाल पाणी येतं, ते संडासला. मग जरा निवळलं की तुरटी फिरवायची, फडक्यातून गाळायचं, पातेल्यात उकळायचं. फडक्यावर जो काळपट साका राहतो तो एकदा डबीत भरून नेऊन दाखवला होता. "लॅबला पाठवतो," म्हणाले. डबीसुद्धा परत मिळाली नाही.

माझ्या उजव्या खांद्याचं काय झालंय ते सांगू का? सांगतेच, कारण कागदावर त्याला कॉलम नसतो. कळश्या उचलून उचलून खांदा असा धरलाय की भाकरी थापताना हात वर जात नाही. डॉक्टर म्हणाले, तीन महिने वजन उचलायचं नाही. मग उचलायचं कुणी? मालक ड्रायव्हर आहेत, आठवड्यातले चार दिवस पुण्याच्या रस्त्यावर. सासूबाईंना दिसत नाही. भाकरी सोडून चपात्यांवर आले, तर पोरं म्हणाली, "काकू, कोल्हापुरात येऊन चपाती खायची होय?" तीही गोडच बोलतात, पण दोन पोरं कावीळ होऊन गावी गेली ती परत आली नाहीत. त्यांच्या आईचा फोन आला होता. काय बोलली ते इथं लिहीत नाही. त्या दिवसापासून ताटं धुवायची सोडून कागदी पत्रावळ्या आणते. त्याचा खर्च, टँकरचा खर्च, गॅस जास्त जातो त्याचा खर्च. उन्हाळ्यात टँकरवाला फोन उचलत नाही, उचलला तर भाव सांगतो तो ऐकून आपणच फोन ठेवायचा. टँकर कुणाचे हे आपण विचारू नये आणि मी सांगू नये, त्यात दोघांचं भलं आहे.

पाणीपट्टी मात्र वर्षाची. पाणी दिवसाआड म्हणून पट्टी दिवसाआड, असं काही नसतं.

साहेब, मी बारावी शिकलेली बाई आहे, पण या भानगडीत पडल्यावर जरा वाचायला लागले. जलजीवन मिशनच्या हिशेबानं खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी. शहराचा सरकारी निकष १३५ लिटर. म्हणजे गल्लीच्या त्या अंगाला माणूस १३५ लिटरचा, या अंगाला ५५ लिटरचा. पण परवानगी द्यायची वेळ येते तेव्हा या अंगालाही शहरासारखे मजले! माणसाला पाणी खेड्याचं आणि बिल्डिंगला उंची शहराची, हे गणित कुठल्या मास्तरनं घातलं? २०२० च्या डिसेंबरात आपल्याच खात्यानं मुंबई सोडून जवळजवळ राज्यभरासाठी एकत्रित बांधकाम नियमावली आणली. प्रीमियम भरा, टीडीआर (म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क) विकत आणा, मजले वाढवा. पाण्याची पाईप वाढवायचं त्यात कुठं लिहिलंय, ते मला कुणी अजून दाखवलेलं नाही.

आता हद्दीचं. कोल्हापूरची महापालिका झाली १९७२ साली. तेव्हापासून शहराची हद्द इंचभर हललेली नाही. सहासष्ट-सदुसष्ट चौरस किलोमीटर, तेवढीच. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेपाच लाखाच्या आत होती, आणि त्यानंतर मोजणीच नाही. आज आम्ही कितीजण आहोत हे कुणालाच माहीत नसताना पाण्याच्या योजना कुठल्या आकड्यावर काढता? हद्दवाढ करा म्हणून शहरानं मोर्चे काढले, नको म्हणून गावांनी काढले. गावांचं म्हणणं मला कळतं : घरफाळा वाढेल, शेतावर आरक्षण पडेल, आणि आहे त्या शहरातच ज्यांना पाणी देता येत नाही ते आम्हाला काय देणार? माझ्याच दिरानं हद्दवाढीविरुद्ध घोषणा दिल्यात. त्याची दोन एकर आहे, माझा एक नळ आहे. घरातसुद्धा यावर एकमत नाही.

मग सरकारनं काय केलं? दोघांचंही मन राखलं आणि २०१७ साली ४२ गावांचं प्राधिकरण काढून दिलं. शहर नको, खेडं नको, हे घ्या तिसरंच. आता बांधकामाची परवानगी एकीकडं, पाणी दुसरीकडं, कचरा तिसरीकडं, रस्ता चौथीकडं. विकास शुल्क आधी भरून घेतात, विकास मागून येतो म्हणतात. मी खानावळीत महिन्याचे पैसे आधी घेऊन पोरांना म्हटलं की चूल दुसऱ्या बाईच्या अखत्यारीत आहे, तर पोरं माझं काय करतील?

शहरातल्या लोकांचं तरी कुठं बरं चाललंय. काळम्मावाडीच्या धरणातून शहराला पाणी आणणारी ती थेट पाईपलाईन. पाचशे कोटी म्हणा, त्याच्या आगेमागे म्हणा, मी काही ऑडिटर नाही. पन्नासेक किलोमीटरवरून पाणी आणायला मंजुरीपासून दहा वर्षं गेली. २०२३ च्या दिवाळीत पाणी आलं, फटाके वाजले, अंघोळी झाल्या, फोटो निघाले. चांगलं झालं, खोटं कशाला बोलू. पण त्यानंतरही गळती, पंप बंद, वीज नाही, आज या भागात पाणी येणार नाही, हे मेसेज सुरूच. पाणी डोंगरातून शहरापर्यंत आलं, पण शहराच्या पोटातल्या जुन्या पाईपांचं काय? धरण भरलेलं, टाकी भरलेली आणि नळ कोरडा. आणि २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सगळीकडं पाणीच पाणी, पंपिंग स्टेशनं बुडालेली, आणि लोक टँकरच्या रांगेत. पंचगंगेची पातळी ४३ फुटांची धोका रेषा ओलांडते तेव्हा टीव्हीवाले येतात. पाणी ओसरलं की त्याच पूररेषेत भराव पडायला लागतात.

सांडपाण्याचं तर विचारूच नका. आमच्या बिल्डिंगांचं मैलापाणी ओढ्यात, ओढा नाल्यात, नाला पंचगंगेत, आणि खाली इचलकरंजी-शिरोळची माणसं तेच पितात. शहरात कसबा बावड्याला, दुधाळीला प्रक्रिया केंद्रं तरी आहेत. आमच्याकडं ओढा आहे.

आणि हे सांगायचं कुणाला? शहराच्या महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पाच वर्षांहून जास्त काळ तिथं प्रशासक होता. विचारायला नगरसेवकच नव्हता. जानेवारी २०२६ मध्ये एकदाची निवडणूक झाली, तर आता एका प्रभागात चार-चार नगरसेवक. एकाकडं गेलं की तो दुसऱ्याकडं बोट दाखवणार, म्हणजे आमच्या कार्यालयांचंच शिक्षण पुढं चालू. घटनेची ७४ वी दुरुस्ती झाली, शहरं स्वतःचा कारभार स्वतः करतील म्हणून टाळ्या पडल्या. २००९ साली याच राज्यानं कायद्यात क्षेत्रसभा आणली. म्हणजे गावात जशी ग्रामसभा, तशी शहरातल्या मतदारांची सभा. ती भरलेली कुणी पाहिली आहे का? मी शहरातल्या ओळखीच्या दहा जणांना विचारलं. नऊ जणांना वाटलं मी हाउसिंग सोसायटीच्या मीटिंगबद्दल बोलतेय. आमच्या ग्रामसभेत निदान आरडाओरडा तरी करता येतो, माईक हिसकावून घेता येतो. कोरम नाही म्हणून सभा तहकूब होते ती गोष्ट वेगळी.

कोल्हापूरच्या माणसाला विचारायचं नसेल तर नका विचारू, पण मग तो काय करतो हे आपल्या खात्याला आठवत असेल. रस्ते करून त्यावर टोल बसवला तेव्हाही आम्हाला कुणी आधी विचारलं नव्हतं. एन. डी. पाटील सरांसारखा म्हातारा माणूस रस्त्यावर उतरला, बायका-पोरं उतरली, आणि टोल गेला. म्हणजे हरकत नोंदवायची रीत इथं लोकांना चांगली येते. पण प्रत्येक नळासाठी मोर्चा काढायचा का? मला दुपारचे डबे असतात.

भाषणाची सुरुवात मात्र सगळ्यांची "शाहू महाराजांच्या या पुण्यनगरीत" अशीच. त्यांनी राधानगरीला धरण बांधायला घेतलं तेव्हा शेतकऱ्याची हरकत कुणाच्या अखत्यारीत येते हे विचारत बसले नसावेत.

असो. आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय, हे माझ्या आईनं मला लहानपणी सांगितलं होतं, तुम्हाला सांगायला नको.

मागणं थोडकंच आहे. ज्या रस्त्याला पाणी आणि सांडपाण्याची सोय नाही तिथं नवी परवानगी थांबवा. नाहीतर परवानगीवर सही करणाऱ्यालाच पाण्याची जबाबदारी द्या, म्हणजे त्याची सही आपोआप जपून होईल. हरकतींची जाहिरात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, रेशन दुकानावर, दुधाच्या डेअरीवर लावा. नकाशा माणसाला वाचता येईल एवढा काढा. सुनावणी दुपारी बारा वाजता कामाच्या दिवशी ठेवू नका, आणि हरकत फेटाळलीत तर का फेटाळली ते दोन ओळीत लिहा. "अखत्यारीत येत नाही" हे कारण नव्हे. हद्दवाढ करणार असाल तर करा, नसाल तर तसं एकदा छापून टाका. पण आमच्या गल्लीला कुणीतरी बाप द्या.

हे पत्र आपल्याकडून "योग्य त्या कार्यवाहीसाठी" खाली पाठवलं जाणार आणि फिरत फिरत त्याच टेबलावर येणार, याची मला खात्री आहे. तेव्हा तिथल्या साहेबांसाठीही एक निरोप : आता तरी मान वर करून वाचा.

आपली,
कोल्हापूरच्या हद्दीबाहेर चार पावलांवरची एक खानावळवाली

सोबत : हरकतीची शिक्क्यासह पोच, कार्यालयाचं अर्ध्या पानाचं उत्तर, घरफाळा व पाणीपट्टी भरल्याच्या पावत्या. टँकरच्या पावत्या जोडलेल्या नाहीत, कारण टँकरवाला पावती देत नाही.