चिऊच्या बाप्तिस्म्याबद्दल

प्रिय आई-बाबा,
सप्रेम जय ख्रिस्त.

परवा फोनवर बाबा एकदम गप्प झाले आणि आईने "बरं, जेवलीस का" म्हणून विषय बदलला, तेव्हाच वाटलं हे बोलून व्हायचं नाही, लिहूनच टाकते. चिऊचा बाप्तिस्मा आत्ता करायचा नाही हे आमचं पक्कं झालंय. रविवारी इथे वडगाव शेरीला फक्त समर्पण आहे, पाळक तिला हातात घेऊन प्रार्थना करतील, पाणी नाही. पुढे तिला कळायला लागलं की ती स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करेल आणि मग पाण्यात उतरेल.

हे तुमच्या जावयाच्या, सॅमीच्या नादाने चाललंय असं बाबांना वाटतंय, माहितीये मला. तसं नाहीये हो. पोटुशी होते तेव्हापासून वाचतेय. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच बुडवणं, आणि बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं न् उठणं म्हणतो ना, ते मला पाण्याखाली जाऊन वर येण्यात डोळ्यांना दिसतं. येशू यार्देन नदीत बाप्तिस्म्याला उतरला तेव्हा तिशीच्या आसपास होता, तान्हा असताना त्याला मंदिरात नेलं ते समर्पणालाच. आता बाबा म्हणतील, फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याच्या सगळ्या घराचा एका रात्रीत बाप्तिस्मा झाला, त्यात पोरं नव्हती का? असतील. पंडिता रमाबाईंनी १८८३ ला इंग्लंडमध्ये घेतला तेव्हा छोट्या मनोरमेचाही झालाच. पण बाबा, १९७० ला सहा चर्चेस एकत्र येऊन आपलं सीएनआय, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झालं तेव्हा तान्ह्यांचा आणि मोठेपणीचा दोन्ही मान्य केलेत की! म्हणजे मी काही घर सोडून चालले नाहीये.

आणि एक. इथे मलाही विचारलं होतं, तुझा लहानपणी झालाय, आता बुडवून परत घे. मी सरळ नाही म्हटलं. एकच प्रभू, एकच विश्वास, एकच बाप्तिस्मा असं पाठ करून घेतलंत ना तुम्हीच? माझ्या डोक्यावर पाणी पडलं तेव्हा मी बाबांच्या शर्टाचं बटण चोखत होते (आई दर नाताळला सांगते), तोच माझा बाप्तिस्मा. प्रेषितांच्या शिकवणीचा तो जुना ग्रंथ आहे ना, त्यातही आहे, पुरेसं पाणी नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. तुमचं काहीच चुकलेलं नाही.

आई, तुझी भीती वेगळी आहे ते मला कळतं. जन्मल्यावर चिऊला काचेच्या पेटीत न्यायच्या आधी पाच मिनिटं तुझ्या मांडीवर दिली होती. मी झोपले नव्हते गं. तू फुलपात्रात बोट बुडवून तिच्या टाळूला तीनदा लावलंस, ओठ हलत होते तुझे, मग पदराने पुसून टाकलंस. मी डोळे मिटून पडून राहिले. त्याला काय म्हणायचं ते मी कुणाला विचारलं नाही, सॅमीलाही सांगितलं नाही.

आता ऐका. तो बाप्तिस्म्याचा पांढरा झगा आणा, माझा, दादाचा, आत्याच्या तिघांचा, समर्पणाला तोच घालायचाय, नीळ घालू नकोस. शनिवारीच निघा, पहाटेची एसटी नको. खराडी बायपासला उतरा, रिक्षा करायची नाही, सॅमी येईल. बाबा, बीपीच्या गोळ्या बॅगेत नाही, खिशात ठेवा आणि नगर ते पुणे वडापाव बंद. बाथरूममध्ये दांडा बसवून घेतलाय, गीझर चालू असेल, उशीही तुमच्यासारखी पातळ आणलीये. चर्चमध्ये सगळीकडे खुर्च्या आहेत, गुडघे टेकावे लागत नाहीत. पाळकांशी बोलून ठेवलंय, प्रार्थना झाली की चिऊला पहिलं बाबांच्या हातात द्यायचं. तुम्ही नाही आलात तर कुणाच्या देऊ?

ते फुलपात्र इथेच राहिलंय आई, शोधत बसू नकोस. चिऊ आता त्यातूनच पाणी पिते, अर्धं सांडते.

तुमची,
बेबी