विन्या, झाडं टाकणार नाही

कोथरूड, पुणे
16 मार्च

प्रिय विन्या,

तुमच्या दाराशी असलेली तमालपत्राची दोन्ही झाडं मेलेली नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वहिनींना पुढचं शांतपणे वाचता येईल. "टाकून दे रे, आल्यावर नवीन आणू," असं तू फोनवर म्हणालास. टाकणार नाही. एक झाड मार्गाला लागलंय. दुसऱ्याबाबत तुमची परवानगी हवी आहे, आणि ती फोनवर मागण्यात अर्थ नाही, कारण फोनवर तू निम्मं ऐकतोस आणि वहिनींना त्यातलं निम्मं सांगतोस.

मुळात ही झाडं आपल्या तमालपत्राची नव्हेतच. घेताना तुम्हाला काय सांगितलं असेल ते असो. आपल्या तमालपत्राच्या पानात देठाजवळून निघून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा असतात. तुझ्या झाडाच्या पानात मधोमध एकच शीर आहे आणि तिला दोन्ही बाजूंना फाटे फुटलेत. हे भूमध्य समुद्राकाठचं लॉरेल, लॉरस नोबिलिस. मसालेभाताला औषधाचा वास येतो अशी वहिनींची तक्रार होती ना? त्यांचं नाक बरोबर होतं. निलगिरीच्या तेलात सिनिओल नावाचं जे उग्र वासाचं द्रव्य असतं, तेच या पानाच्या तेलातही भरपूर असतं. आपल्या तमालपत्राचा वास दालचिनी-लवंगेच्या अंगाने जातो. तू मात्र त्यांनाच म्हणालास, मसाला जुना झालाय म्हणून.

हे पुराण लावलं, कारण दुखणं इथूनच सुरू होतं. लॉरेलच्या मुलखात उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात. आपलं नेमकं उलटं. पुण्याचा बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात, आणि थंडीत थेंब नाही. जमिनीत लावलेलं झाड तेही सोसेल, पण कुंडीत पाणी जाणार कुठे? त्यात तुमच्या त्या निळ्या चकचकीत चिनी मातीच्या कुंड्या. तळाला करंगळी जाईल एवढं एकच भोक, तेही चिकट लाल मातीने बुजलेलं, आणि खाली फरशी खराब होऊ नये म्हणून ताटली. दिसायला फार सुंदर. तुम्ही गेल्यावर सोसायटीचा माळी पाऊस असो-नसो रोज पाइप सोडत होता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि त्याच्या बाकीच्या शेवंती-मोगऱ्याला ते चालतही होतं.

पाणी तुंबलं की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही. मग पानं पिवळी पडतात, माना टाकतात, गळतात, आणि बघणाऱ्याला वाटतं झाड तहानलंय. तो आणखी पाणी घालतो. कुंडीतली जेवढी झाडं उन्हाने जातात, त्याहून जास्त या मायेने जातात असं माझं मत आहे.

संक्रांतीनंतर थंडी जरा ओसरली तेव्हा दोन्ही झाडं कुंडीबाहेर काढली. थंडीला घाबरून थांबलो नव्हतो. उणे 5 अंशांपर्यंत टिकणाऱ्या झाडाला पुण्याची थंडी काय करणार? पण पालवीच्या तोंडावर मुळांना हात लावला की ती लवकर सावरतात. पहिल्याचा गड्डा उलटा केला तर खालच्या चार बोटांत काळा चिखल आणि गटाराचा वास. तिथली मुळं चिमटीत धरून ओढली की वरची साल मोज्यासारखी निघून हातात यायची आणि आत दोऱ्याएवढी तार उरायची. वरच्या भागात मात्र पांढुरकी, कडक मुळं होती, कुंडीच्या भिंतीला लागून गोल गोल फिरलेली. कुजकं सगळं कापलं, वेटोळी सोडवली आणि मातीच्या कुंडीत लावलं. कुंड्या मुंढव्याच्या केशवनगरातल्या कुंभाराकडून आणल्या. त्यांच्या अंगातून पाणी उडून जातं, या झाडाला हेच हवं. आधीपेक्षा मोठी कुंडी मुद्दाम घेतली नाही. मुळं निम्मी उरलेली असताना भोवती ओल्या मातीचा ढीग नको.

मातीत निम्मी लाल माती, बाकी पालापाचोळ्याचं जुनं खत आणि धुऊन घेतलेली जाड क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, अजिबात नाही, ते पाणी धरून बसतं. आणि तुझ्या वडिलांच्या पद्धतीप्रमाणे तळाला विटांच्या तुकड्यांचा थर घातला नाही, रागावू नकोस. बारीक मातीतलं पाणी खालच्या भरड थरात सहज उतरत नाही, त्याच्या वरच थबकतं. म्हणजे मुळांची जागा घटते आणि चिखल वर सरकतो. भोकावर जाळीचा तुकडा पुरतो.

दुसरी भानगड पानांवर होती. वरून काजळी धरलेली, हात लावला तर चिकट, आणि खोडावर मुंग्यांची रांग. पान उलटं केलं तर मधल्या शिरेला चिकटून चपटे तपकिरी ठिपके. खवले कीड. ती रस शोषते, गोड चिकटा टाकते, त्यावर काळी बुरशी धरते आणि मुंग्या तो चिकटा खायला येऊन किडीची राखण करतात. आमच्या हिने जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन दोन दुपारी त्यात घालवल्या, तेव्हा परत आल्यावर तिच्यासाठी काहीतरी आण. उरलेल्या किडीवर निंबोळी तेल मारतो, ऊन उतरल्यावर. उन्हात मारलं तर पानं भाजतात.

खत काहीही दिलेलं नाही. तिसऱ्या मजल्यावरचे काका येऊन "जरा युरिया टाका" म्हणून सांगून गेले. मान डोलावली. मुळंच जागेवर नसताना खत घालणं म्हणजे त्यांना आणखी पोळवणं. कुंडीच्या काठावर पांढरा थर होता तो सोसायटीच्या टँकरच्या आणि बोअरच्या जड पाण्याचा. त्या क्षारांनीही पानांची टोकं करपतात. आता कॉर्पोरेशनच्या नळाचं पाणी बादलीत भरून वर नेतो. बोट दोन पेरं खुपसायचं, आत ओल लागली तर पाणी नाही, कोरडं लागलं तर खालून वाहून जाईल इतकं. ताटल्या काढून टाकल्यात. कुंड्या विटांवर चढवल्यात.

पहिल्या झाडाने फांद्यांच्या टोकांना कोवळी, पोपटी पालवी काढलीय. नव्या पानात शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असं दिसलं तर लोह कमी पडतंय असं समजायचं. तसं काही नाही. आता सकाळचं ऊन आणि अकरानंतर हिरव्या जाळीची सावली. एप्रिल-मेमध्ये पारा 40 ला टेकला की मातीवर नारळाच्या शेंड्या पसरीन. आणि जूनमध्ये पहिला पाऊस झाला की दोन्ही कुंड्या स्लॅबखाली. पावसात भिजताना कितीही छान दिसली तरी.

आता दुसरं झाड. त्याचं ते काठीवरच्या चेंडूचं, म्हणजे उघड्या खोडावर गोल छाटलेलं रूप संपलं. चेंडूतली पानं सुकून कुरकुरीत झालीत, फांदी वाकवली की कट्‌ करून मोडते. नखाने साल खरवडत खाली आलो. वर तपकिरी, मध्यावर तपकिरी, मातीपासून वीतभर अंतरावर एकदम ओला हिरवा रंग, म्हणजे तिथे जीव आहे. आणि बुंध्याशी गव्हाच्या दाण्याएवढे दोन कोंब वर आलेत. हे झाड बुडातून फुटणारं आहे, त्यामुळे खोड त्या हिरव्या रेषेच्या जरा वरून कापलं तर जगायची शक्यता चांगली आहे. पण मग ते झुडूप होईल. लॉरेलची वाढ मुळातच संथ. दाराच्या दोन बाजूंना सारखे दोन गोल, ही वहिनींची हौस निदान काही वर्षं तरी पुरी होणार नाही. छाटून पुन्हा काठीवर चढवता येतं, पण तेवढा धीर तुझ्यात नाही आणि मी तुझ्या दारात किती वर्षं बसू?

माझा कौल कापण्याकडे आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीशी ते झुडूप चांगलं दिसेल, आणि सुपात एखादं पान टाकायला हाताशी राहील. मसालेभातात नको. तरी झाड त्यांचं आहे, तेव्हा वहिनींना विचार, तुझं मत नको. कोंब आत्ताच हलतायत, म्हणून रविवारपर्यंत कळव. एकदा उन्हाचा कडाका लागला की कापणं लांबवावं लागेल, आणि तोवर त्या वाळक्या सांगाड्याला पाणी किती घालायचं याचा मला रोज अंदाज बांधत बसावा लागेल.

तुमच्या निळ्या कुंड्या धुऊन बाल्कनीत पालथ्या घातल्यात. तळाला ड्रिलने आणखी तीन भोकं पाडायला तयार असशील तर पुन्हा वापरू, नाहीतर छत्र्या ठेवायला घे.

सोसायटीचा मेंटेनन्स मार्चअखेर भरायचा आहे. तो तिथूनच ऑनलाइन भर, सेक्रेटरी मला जिन्यात गाठतात.

तुझा,
श्रीकांत