बाबांच्या प्रश्नाचं उत्तर, ओमाहाहून

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तो क्राउच एवढा मोठा खेळाडू, मग पुढे त्याचं नाव कसं ऐकू आलं नाही?" तेवढ्यात चिन्मय मध्ये कडमडला आणि उत्तर राहून गेलं. आता निवांत लिहितो.

इथला फुटबॉल म्हणजे आपला शाहू स्टेडियमवरचा नव्हे. यात चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. आमच्या नेब्रास्का राज्याला एनएफएल या व्यावसायिक लीगचा संघच नाही, त्यामुळे सगळं वेड विद्यापीठाच्या संघावर. लिंकन शहरातल्या मेमोरियल स्टेडियममध्ये 1962 पासून प्रत्येक सामन्याची तिकिटं संपतात. आणि एरिक क्राउच तर ओमाहाचाच पोरगा, त्या संघाचा क्वार्टरबॅक.

क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात चेंडू येतो आणि पुढचा डाव जो चालवतो तो. नेब्रास्काची पद्धत होती 'ऑप्शन'. चेंडू घेऊन आडवं पळत सुटायचं, समोरच्या एका बचावपटूवर नजर ठेवायची. तो अंगावर आला की शेजारून पळणाऱ्या साथीदाराकडे चेंडू फेकायचा, नाही आला तर स्वतःच घुसायचं. विचार करायला वेळ नाही. क्राउच यात उस्ताद होता. 2001 मध्ये मिसुरीविरुद्ध स्वतःच्या एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या आपल्याकडच्या टोकाच्या पट्ट्यात, सापडला होता, तिथून निसटून 95 यार्डांचा टचडाउन केला, म्हणजे चेंडू घेऊन थेट समोरच्या टोकाच्या पट्ट्यात पोचला!

त्याच वर्षी ओक्लाहोमाविरुद्धचा डाव तर इथे अजून सांगतात. क्राउचने चेंडू थंडर कॉलिन्सच्या हातात दिला, कॉलिन्सने उलट्या दिशेने येणाऱ्या माइक स्टंट्झला. सगळा बचाव त्यांच्यामागे धावला. इकडे क्राउच गुपचूप पुढे पळत सुटलेला. नवख्या, डावखुऱ्या स्टंट्झने चेंडू लांब फेकला, क्राउचने तो झेलला आणि 63 यार्डांचा टचडाउन. गतविजेता ओक्लाहोमा 20-10 हरला. डिसेंबरमध्ये कॉलेज फुटबॉलचा सगळ्यात मोठा मान, हाइझमन ट्रॉफी, क्राउचला मिळाली.

पण त्या मोसमात त्याने 18 टचडाउन पळून केले आणि फेकून फक्त 7. एनएफएलला तेव्हा जागेवर उभा राहून लांब फेकणारा हवा होता. 2002 मध्ये एनएफएलच्या सेंट लुइस रॅम्स संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीत तिसऱ्या फेरीत त्याला घेतलं, ते झेल घेणारा रिसीव्हर म्हणून. म्हणजे गावसकरांना निवडायचं आणि सांगायचं, तुम्ही नुसते स्लिपमध्ये उभे राहा. पायाला मार बसला आणि मोसम सुरू होण्याआधीच करारापोटी मिळालेले पैसे परत करून हा घरी आला.

इथले काही जण त्याला हट्टी म्हणतात. मला पटत नाही. पुढे त्याने ग्रीन बे पॅकर्सकडे प्रयत्न केला, 2005 मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गकडून चक्क बचावात खेळला, मग टोरंटोला गेला. हट्टी माणूस एवढी वणवण करत नाही. एनएफएलच्या मुख्य मोसमातला एकही सामना मात्र त्याच्या नशिबी आला नाही. माझ्या मते तो पंधराएक वर्षं आधी जन्मला. नंतरच्या पिढीतल्या लामार जॅक्सन या असंच पळणाऱ्या क्वार्टरबॅकलाही 'रिसीव्हर हो' असं सुचवणारे होतेच. तो क्वार्टरबॅकच राहिला आणि 2019 मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आता क्राउच ओमाहात मुलांच्या बागांसाठी घसरगुंड्या-झोपाळे पुरवण्याचा धंदा करतो. बाबा, 'म्हणजे वाया गेला' असं तुम्ही म्हणणार, माहीत आहे मला. 2020 मध्ये त्याची कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीसाठी, निवड झाली. बावीस-तेविसाव्या वर्षी आपल्या कामात देशात पहिला आलेला माणूस पुढे धंदा करून सुखाने घर चालवत असेल, तर त्यात वाया काय गेलं?

आई, तुझी काळजी पोचली. चिन्मय खेळतो तो फ्लॅग फुटबॉल. त्यात कुणी कुणाला पाडत नाही, कमरेची पट्टी ओढली की डाव थांबतो. हेल्मेटवाला प्रकार शाळेत मागू लागला तर काय करायचं यावर आमच्या दोघांचंच अजून एकमत नाही, त्यामुळे तू त्याला फोनवर काही कबूल करू नकोस.

बाबांच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला का? रिपोर्टचा फोटो पाठवा, नुसतं 'बरं आहे' नको.

तुमचा,
बाळू