‘घरात खुशाल नास्तिक राहा’ म्हणणाऱ्यांस

संपादक महोदय,

‘नास्तिकांनी घरात खुशाल नास्तिक राहावं, चारचौघांत बोलून लोकांच्या भावना कशाला दुखवाव्यात?’ असा सल्ला देणारं पत्र गेल्या आठवड्यात आपल्या अंकात वाचलं. लिहिणारे गृहस्थ आहेत हे खालचं नाव न बघताही कळलं. बाईने घरात नास्तिक राहायचं म्हणजे काय, हे ठाऊक असतं तर त्यांनी सल्ला उलटा दिला असता.

मी सरकारी रुग्णालयात परिचारिका होते. आता निवृत्त आहे, साताऱ्यात राहते. देव आहे असं मला वाटत नाही आणि कुणी विचारलं तर तसं सांगते. लग्न होऊन आले ते घर पुरोगामी म्हणून ओळखलं जायचं. सासरे पक्के नास्तिक. समाजसुधारक आगरकर जिवंत असताना पुण्यात सनातन्यांनी त्यांची प्रेतयात्रा काढली, ही हकिगत ते पाहुण्यांना रंगवून सांगत. आत सासूबाई सोवळ्यात पुरण वाटत असत. सासऱ्यांनी देवापुढे कधी हात जोडले नाहीत, पण त्या घरातली रोजची पूजा, संकष्टी, गौरीचा नैवेद्य यांतलं काही चुकलंही नाही. सगळं बायकांच्या अंगावर होतं. पहिल्याच वर्षी मी सांगितलं की पहिल्या दिवशीची भाजी-भाकरी रांधते, दुसऱ्या दिवशी पुरण वाटते, पंगत वाढते, पण गौरीच्या पाया पडणार नाही. सासूबाई गप्प राहिल्या. बोलले ते सासरेच. ‘‘सूनबाई, एवढ्याशासाठी कशाला? तिला वाईट वाटेल.’’ आगरकर बैठकीपुरतेच होते म्हणायचे.

पुढे माझे यजमान गेले. त्यांनी सांगून ठेवल्याप्रमाणे दहावं-तेरावं केलं नाही. भावकीत त्यांचं नाव झालं, ‘तत्त्वाचा माणूस’. बोल लागला मला. आता हळदीकुंकवाला कुणी बोलावत नाही. देव मानत नाही म्हणून नव्हे हो, कुंकवाचा धनी राहिला नाही म्हणून!

पत्रलेखकांनी हल्लीच्या नास्तिकांना दाभोलकरांचा सौम्यपणा शिकायला सांगितलं आहे. डॉक्टर आमच्या साताऱ्याचे. देव आणि धर्म यांना आमचा विरोध नाही, त्यांच्या नावावर चालणाऱ्या लुबाडणुकीला आहे, हीच त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका होती. जादूटोणाविरोधी कायद्याच्या मसुद्यात आक्षेप ऐकून किती तरी बदल झाले. आणि 20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी, फिरायला निघालेले असताना, पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. वर्षानुवर्षं अडलेल्या कायद्याचा वटहुकूम त्याच आठवड्यात निघाला. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप सुनावली जायला मात्र मे 2024 उजाडलं, आणि इतर तिघे निर्दोष सुटले. यापेक्षा सौम्य आणखी किती व्हायचं, ते पत्रलेखकांनी सांगावं.

त्या कायद्याच्या अनुसूचीत साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र आणि गंडेदोऱ्यांवर ठेवणं हाही गुन्हा आहे. याचं मोल वॉर्डात कळतं. भातलावणीच्या दिवसांत जावळी-पाटणकडून साप चावलेले लोक यायचे, पुष्कळदा मांत्रिकाकडे वेळ घालवून. घोणस चावलेला माणूस उशिरा आला की मूत्रपिंडं निकामी होऊ लागलेली असत, मग प्रतिविष देऊनही हातात फारसं काही उरत नसे. नातेवाईक विचारत, ‘‘सिस्टर, अंगारा लावू का?’’ मी म्हणे, लावा, पण सलाइनची सुई हलवू नका. त्या वेळी देवावर वाद घालणं मला कधी सुचलं नाही. पण तोच माणूस बरा होऊन घरी निघाला की त्याला आणि त्याच्या बायकोला बसवून स्पष्ट सांगत असे की मंत्राने विष उतरत नाही, पुढच्या वेळी थेट इकडे या. काहींना राग यायचा. येऊ दे.

आमच्या नास्तिकांतल्या काही जणांचं वागणं मला पटत नाही, तेही लिहिते. आषाढी आली की वारकऱ्यांवरचे विनोद मोबाइलवर फिरवणारे हे लोक. लोणंदच्या पालखी मुक्कामात वैद्यकीय पथकात बसून मी वारकरी बायकांच्या पायांचे फोड साफ केले आहेत. घर, शेत, सासर-माहेर सगळं मागे टाकून त्या बायकांना वर्षातून एवढेच दिवस आपले मिळतात. त्यांना हसण्यात कसला आला बुद्धिवाद? स्वतःच्या घरात आईला, बायकोला नैवेद्याच्या कामातून एक दिवस मोकळं करून बघा म्हणावं.

2011च्या जनगणनेत देशभरात नास्तिक म्हणून नोंदले गेले 33,304 लोक, त्यांतले 9,652 महाराष्ट्रातले. एकशेएकवीस कोटींत एवढेच? आकडा असा का, याचा मला थोडा अंदाज आहे. आमच्या दारात आलेल्या प्रगणक बाईंनी आडनाव ऐकून धर्माचा रकाना भरूनही टाकला होता. माझ्यापुढे ‘नास्तिक’ लिहा म्हटल्यावर त्या माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाल्या, ‘‘साहेबांना विचारता का जरा?’’ साहेब म्हणजे माझे यजमान, ते तेव्हा होते आणि आत चहा पीत होते. त्यांचीही नोंद तीच करायची होती, पण त्यांना विचारल्याशिवाय माझी करायला बाई तयार नव्हत्या.

सरकारी अर्जात धर्म लिहायची सक्ती करता येत नाही, कोणताच धर्म नाही असं सांगायचाही हक्क आहे, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2014 मध्ये दिला. आता 2027ची जनगणना समोर आहे. धर्माचा प्रश्न कुटुंबप्रमुखाला एकदा विचारून खाली सगळ्यांना तेच लावू नये, घरातल्या सुनेलाही वेगळं विचारावं, एवढी सूचना प्रगणकांना प्रशिक्षणात द्यावी, अशी आपल्या दैनिकामार्फत संबंधितांना विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सातारा
(नाव-पत्ता सोबत दिला आहे. छापायला माझी हरकत नाही.)